दिवस कमी करायचे, की धावताना मध्येमध्ये चालायचं?

एकच दुखणं दर दोन-तीन महिन्यांनी उलटत असेल, तर वेळापत्रक बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याचे सरळ मार्ग दोन. एक दिवसाआड धावायचं आणि मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणं. नाहीतर दिवस तेवढेच ठेवून थोडं धावणं, थोडं चालणं. मी दोन्ही मनापासून करून पाहिलेत. कुठला धरायचा हे दुखतंय कुठे त्यावर ठरवा.

टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस, दुखत असेल तर एक दिवसाआड. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली आठ-दहा पावलं ताठर पडतात आणि मग मोकळं वाटतं, ते हेच दुखणं. जोराच्या धावण्यानंतर साधारण दीड दिवस या शिरेत झीज जास्त आणि भरपाई कमी असते. मधला दिवस त्यासाठी हवा. पण पूर्ण विश्रांतीने ही शीर बरी होत नाही, कमजोर होते. मी तीनदा महिना-महिना बसून राहिलो आणि तिन्ही वेळा पहिल्याच लांब धावेला दुखणं परत आलं. फरक पडला तो पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडण्याच्या व्यायामाने. 1998 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी मांडलेली त्याची पद्धत अशी: 15 चे तीन सेट, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. कंटाळवाणं आहे, तरी कराच.

या मार्गात एक मोठी चूक होते, आणि ती मी केली: पाच दिवसांचे 40 किलोमीटर तीन दिवसांत कोंबले. दिवस कमी केलेत तर एकूण अंतरही कमी करा.

गुडघ्याची वाटी पुढून दुखते, तीही बऱ्याचदा धावेच्या शेवटी, अशांना मी धावणं-चालणं सुचवेन. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे 1970च्या दशकापासून हे शिकवत आले. यातली मेख अशी की दमल्यावर नाही, पहिल्या काही मिनिटांपासूनच चालायचं. दमल्यावर चाललात तर तोवर गुडघ्याने मार खाल्लेला असतो. जोडीला पावलं जरा आखूड आणि जलद टाका. मिनिटाला 160 पडत असतील तर 168 करून बघा. एवढ्यानेही गुडघ्यावरचा भार कमी होतो.

नडगीचं मात्र वेगळं. अंगठ्याने हाड दाबत खाली या. दुखरा भाग वीतभर पसरलेला असेल तर दोन्हीपैकी कुठलाही मार्ग चालेल, अंतर निम्म्यावर आणून. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा त्या पायावर एकदा उडी मारताच चमक निघत असेल, तर धावणं आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेली असेल तर भरायला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तिच्यावर धावत राहिलात तर त्याहून कितीतरी जास्त.

मार्ग कुठलाही धरा, तीन आठवडे तोच ठेवा आणि प्रत्येक धावेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी किती, ते लिहून ठेवा.