नवी पेठेतली अभ्यासिका : साडेतीन तारे

महिना बाराशे, सकाळी सात ते रात्री अकरा. एप्रिलमध्ये कंपनीने नारळ दिला आणि आठवड्याभरात कळलं, घरी बसून नोकरी शोधता येत नाही. आई दर तासाला विचारते, "आला का रे फोन?" म्हणून इथे खुर्ची घेतली.

सगळी एमपीएससीची पोरं, मी एकटाच चाळिशीचा. पहिल्याच दिवशी 'काका' झालो. पण यांच्यात बसून धीर येतो, हे खरं. शेजारचा लातूरचा मुलगा तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षा देतोय. निकाल लागला, नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्याचा डबा, बाटली, पेनं, सगळं जागच्या जागी. मी त्या दिवशी चार अर्ज जास्त पाठवले.

२००८च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, जगभर मंदी आली, तेव्हा मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. जॉइनिंग आठ महिने लांबलं होतं. तेव्हा अशी जागा सापडली असती तर!

तक्रारी आहेतच. वायफाय दुपारी मान टाकतं. फोनवर बोलायला जागा नाही, दोन मुलाखती मी जिन्यात उभ्याने दिल्या, मागे कुकरच्या शिट्ट्या. पण मालक भला माणूस. तिसऱ्या महिन्याचे पैसे द्यायला गेलो तर वहीत माझ्या नावापुढे 'नंतर' लिहून मोकळा.

सत्तावीस नंबरची खुर्ची मात्र घेऊ नका. पंख्याखाली आहे, कागद उडतात.