पीपीएसएसपीपी डेस्कटॉपवर: सेटिंगला हात कमी, गेम जास्त

पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या गेम यंत्राचे गेम कॉम्प्युटरवर खेळायचे तर पीपीएसएसपीपीशिवाय दुसरीकडे बघायची गरज नाही. हेन्रिक रिडगार्ड यांचा हा एम्युलेटर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) २०१२पासून मोफत मिळतो. त्याला बायोस फाइल (यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) लागत नाही, त्यामुळे 'आधी बायोस घ्या' म्हणणाऱ्या साइटवरून काढता पाय घ्यावा. पैसे देऊन 'गोल्ड' आवृत्ती घेतली तरी गेम तसाच चालतो. ते पैसे म्हणजे प्रकल्पाला मदत, एवढंच.

विंडोजवर झिप उघडून ६४ बिटची फाइल चालवली की काम झालं. सेव्ह बाजूच्या 'मेमस्टिक' फोल्डरमध्ये जातात. जुनी आवृत्ती पुसताना तेवढं फोल्डर जपा. गेम आपल्याच डिस्कवरून काढलेला आयएसओ (डिस्कची पूर्ण प्रत) किंवा सीएसओ (तीच प्रत दाबून लहान केलेली) असावा. सीएसओ जागा कमी खातो.

खरा फरक रेंडरिंग रिझोल्युशनने, म्हणजे चित्र किती बिंदूंत रेखाटलं जातं त्याने पडतो. पीएसपीचा पडदा ४८० × २७२चा. चौपट केलं की १९२० × १०८८, म्हणजे फुल एचडी मॉनिटर भरतो. त्यापुढे गेलात तर कडा थोड्या मऊ होतात, पण ग्राफिक्स कार्डावरचा भार बराच वाढतो. वेगळं कार्ड नसेल तर दुप्पट-तिप्पटवर थांबा. गेममधले व्हिडिओ मात्र धुरकटच राहणार, कारण ते मुळात तेवढ्याच आकारात साठवलेले असतात.

बॅकएंड, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याची पद्धत, व्हल्कन ठेवा. पडदा काळा पडला तर आधी ड्रायव्हर अपडेट करा, मग डायरेक्ट-थ्रीडी ११ किंवा ओपनजीएल बघा.

बहुतेक तक्रारींचं मूळ उसन्या सेटिंगमध्ये असतं. 'स्किप बफर इफेक्ट्स' (काही दृश्य परिणाम न रेखाटणं) आणि फ्रेमस्किप (मधली काही चित्रं गाळणं) हे कमजोर फोनसाठीचे उपाय. पहिल्याने सावल्या, धूसर प्रभाव गायब होतात, कधी अख्खं दृश्यच. दुसऱ्याने हालचाल अडखळते. डेस्कटॉपवर दोन्ही बंद. एखादा गेम अडलाच तर सगळ्यांसाठी सेटिंग बदलू नका, त्या गेमपुरतं वेगळं कॉन्फिग (सेटिंगचा संच) तयार करा.

कीबोर्डवर ॲनालॉग स्टिक (कमी-जास्त ढकलता येणारी दांडी) आय-जे-के-एल या कळांवर आहे. कळ एक तर दाबलेली असते नाहीतर सोडलेली, त्यामुळे हळू चालणं किंवा गाडी किंचित वळवणं सहज जमत नाही. रेसिंगसाठी कंट्रोलर हवाच.

एफ२ने सेव्ह स्टेट (गेमची त्या क्षणाची स्थिती साठवणं), एफ४ने परत लोड. सोय झकास, पण आवृत्ती बदलल्यावर जुनी स्टेट उघडेलच असं नाही. अपडेटआधी गेमच्या स्वतःच्या मेन्यूतून सेव्ह करून ठेवा.