‘सिंगिंग इन द रेन’ची फोरके डिस्क: पावसातल्या नाचासाठी घ्याच

या हॉलिवूड संगीतपटाची वॉर्नरची २०२२ची ही फोरके (जास्त बारकावे दाखवणारी) डिस्क घ्यावी ती मुख्यतः नायक जीन केलीच्या पावसातल्या नाचासाठी. १९५२चा टेक्निकलर (त्या काळचं भडक रंगांचं चित्रपट-तंत्र) एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्रात, खुलतो. मागून टाकलेल्या प्रकाशामुळे पावसाच्या धारा सुट्या दिसतात. (पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळल्याची गोष्ट नुसती दंतकथा.) टीव्हीचं मोशन स्मूदिंग मात्र आधी बंद करा. नाहीतर सेकंदाच्या २४ फ्रेम्समध्ये खोट्या फ्रेम्स घुसतात आणि फिरत्या छत्रीच्या कडेला चित्र फाटतं. चित्राची चौकट १.३७:१ची (रुंदी:उंची), म्हणजे आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद आहे, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरायला झूम केलंत तर वरखाली कापलं जातं, म्हणजे नेमके पायच गायब! बुटांचे ठेके नंतर वेगळे ध्वनिमुद्रित केलेले आहेत. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ते पावसात बुडतात. साउंडबार हवाच.