एलएसएचडब्ल्यू, डीएमआयडीकोड की इन्क्सी? लिनक्सवर संगणकाच्या आतले तपशील पाहणाऱ्यासाठी

गिरगावातील एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत आणि त्यांची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने थांबली, आणि आमच्या सहाही पेट्यांमध्ये इंटेलचे चौथ्या पिढीचे प्रोसेसर असल्यामुळे त्या विंडोज ११ च्या अटींत बसणाऱ्या नव्हत्या. म्हणून त्यांवर लिनक्स बसवले आणि त्याच खर्चात रॅमही वाढवून घ्यावी असे ठरले. त्यासाठी आत नेमके काय आहे हे कळणे आवश्यक होते. सगळ्या पेट्या उघडण्यापेक्षा टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, एक कमांड देणे सोपे, हे खरेच आहे. परंतु कोणती कमांड, या प्रश्नाचे उत्तर मला वाटले होते तितके सरळ निघाले नाही. एलएसएचडब्ल्यू, डीएमआयडीकोड आणि इन्क्सी ही तिन्ही साधने मी पुष्कळ वापरली आहेत, आणि ज्याला त्यांतील एकाची सवय लावून घ्यायची आहे त्याच्यासाठी हा अनुभव मांडतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ वाद मिटतात. रॅमचे स्लॉट किती, त्यांत कोणती पट्टी बसली आहे, मदरबोर्डचा अनुक्रमांक काय, ही माहिती तिन्ही साधनांना मुख्यतः एकाच ठिकाणाहून मिळते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, एक तक्ता तयार करून ठेवतो, त्याला डीएमआय तक्ता म्हणतात. डीएमआयडीकोड हा तक्ता उलगडून दाखवण्यापलीकडे काही करत नाही. एलएसएचडब्ल्यू त्या तक्त्याला कर्नेलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, मिळालेल्या माहितीची जोड देऊन सगळ्या संगणकाचे एक झाड उभे करते. इन्क्सी तर स्वतः फारसे काही शोधतच नाही. ते कर्नेलच्या फायली वाचते, गरजेप्रमाणे डीएमआयडीकोडसारखी इतर साधने चालवते आणि सगळ्यांचे म्हणणे एकत्र करून मांडते. त्यामुळे कोणाला जास्त कळते, या प्रश्नात मला फारसे तथ्य वाटत नाही. जे कळले नाही त्याबद्दल कोण कसे बोलते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल.

सुरुवातीची दोन वर्षे मी एलएसएचडब्ल्यूच वापरत होतो आणि त्या साधनाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर ते बहुधा आधीपासूनच असते, त्यामुळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. ‘शॉर्ट’ हा पर्याय दिला की एका पानात संगणकाचा सारा संसार दिसतो, आणि ‘क्लास’ देऊन पुढे मेमरी किंवा नेटवर्क असे लिहिले की तेवढाच भाग समोर येतो. एखाद्या उपकरणाला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मिळालेला नसेल तर त्याच्यापुढे मोठ्या अक्षरांत ‘अनक्लेम्ड’ असा शिक्का येतो. वायफाय चालत नाही अशी तक्रार घेऊन कोणी लॅपटॉप आणला तर तो एक शब्द पाहूनच निम्मे निदान होते. इन्क्सी हीच गोष्ट ड्रायव्हरच्या जागी ‘एन-ए’ एवढेच लिहून सांगते, आणि ते घाईत नजरेतून सुटू शकते. शिवाय एलएसएचडब्ल्यूचा अहवाल एचटीएमएल पान म्हणूनही काढता येतो, आणि टर्मिनलची सवय नसलेल्या कार्यवाहांसमोर ते पान ठेवणे सोयीचे जाते.

मग मी ते का बाजूला ठेवले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

रॅम घेण्यापूर्वी सहाही संगणकांची माहिती गोळा करण्याचे काम अभ्यासिकेतील एका विद्यार्थ्याने आपणहून अंगावर घेतले. त्याच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार नव्हते, आणि ते नसावेत हे मीच ठरवले होते. मी सांगितल्याप्रमाणे त्याने प्रत्येक संगणकावर एलएसएचडब्ल्यू चालवून तिचा निकाल फायलीत वळवला आणि सहा फायली पेनड्राइव्हवर आणून दिल्या. घरी बसून मी त्या वाचल्या. प्रत्येक फायलीत मेमरीची एकच नोंद होती आणि तिच्यापुढे आठ गिगाबाइटपेक्षा किंचित कमी असा आकडा होता. तो किंचित कमी का, हे मला ठाऊक होते, कारण स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात थोडी रॅम पडद्यासाठी राखून ठेवली जाते. आमच्या पेट्यांतील एच८१ चिपसेटच्या बोर्डवर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि १६ गिगाबाइटची कमाल मर्यादा असते, हेही ठाऊक होते. नोंद एक, म्हणजे पट्टी एक, म्हणजे दुसरा स्लॉट रिकामा, असा हिशेब मी केला. ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो आणि आठ-आठच्या सहा पट्ट्या घेऊन आलो.

पहिलीच पेटी उघडली तेव्हा दोन्ही स्लॉट भरलेले होते. दोन्हींत चार-चारच्या पट्ट्या. दुसरी पेटीही तशीच, आणि पुढच्या चारही तशाच.

फायली पुन्हा उघडून पाहिल्या. त्यांत खोटे काहीच लिहिलेले नव्हते. साधारण वापरकर्त्याने एलएसएचडब्ल्यू चालवली की तिला डीएमआय तक्ता वाचता येत नाही. अशा वेळी कर्नेलकडून जो एकूण आकडा मिळतो तेवढाच ती देते, आणि स्लॉटनिहाय नोंदी गाळून टाकते. रूट म्हणजे प्रशासक म्हणून चालवा, निकाल अपुरा असू शकतो, असा इशारा ती देते हे खरे. परंतु तो इशारा त्रुटीसंदेशांच्या वाटेने पडद्यावर जातो आणि निकाल वेगळ्या वाटेने फायलीत जातो. विद्यार्थ्याने तो इशारा पाहिला होता. फाईल नीट तयार झाल्यामुळे तो महत्त्वाचा नसावा असे त्याला वाटले, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. माझ्यापर्यंत पोहोचलेल्या सहा फायलींत मात्र त्या इशाऱ्याचा एक शब्दही नव्हता. गाळलेल्या नोंदींच्या जागी रिकामी ओळसुद्धा नव्हती, की जिच्यामुळे काही राहून गेले आहे अशी शंका यावी. अपुरा कागद पूर्ण असल्यासारखा माझ्या हातात आला होता.

दुकानदाराने पट्ट्या परत घेतल्या नाहीत. प्रत्येक संगणकातील एक चारची पट्टी काढून तिथे आठची बसवली आणि सहाही यंत्रे १६ ऐवजी १२ गिगाबाइटवर आणली. अभ्यासिकेचे काम त्यात व्यवस्थित चालते. तरीही देणग्यांतून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या पैशातील ती खरेदी होती, आणि काढलेल्या सहा पट्ट्या आजही कपाटात आहेत, याचे मला वाईट वाटते.

यानंतर मी इन्क्सीकडे वळलो, आणि त्याच संगणकांवर त्याच अपुऱ्या अधिकारांनी ती मुद्दाम चालवून पाहिली. मदरबोर्डच्या अनुक्रमांकाच्या जागी तिने कोनी कंसात ‘सुपरयूजर रिक्वायर्ड’, म्हणजे प्रशासकाचे अधिकार हवेत, असे लिहिले. मेमरीचा अहवाल मागितला तर जुन्या आवृत्तीने रूटचे अधिकार हवेत म्हणून सांगितले. नव्या आवृत्तीने इतर मार्गाने मिळेल तेवढे दाखवले आणि अधिक विश्वसनीय अहवालासाठी सुपरयूजर होऊन डीएमआयडीकोडसह चालवा, अशी सूचना अहवालातच घातली. ही सूचना निकालाचा भाग असल्यामुळे फायलीत वळवली तरी ती बरोबर येते. एवढा एकच फरक आहे. पण आमच्या विद्यार्थ्याने त्या दिवशी इन्क्सी चालवली असती तर लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी मी स्वतः जाऊन सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारांनी कमांड चालवून, खात्री केली असती, एवढे मी निश्चित म्हणू शकतो.

हीच वृत्ती तिच्यात इतरत्रही दिसते. बोर्ड किती रॅम पेलू शकतो याचा आकडा डीएमआय तक्त्यात पुष्कळदा चुकीचा असतो. कधी प्रत्यक्ष बसवलेल्या रॅमपेक्षाही कमी असतो. इन्क्सी अशा ठिकाणी स्वतःचा अंदाज मांडते आणि त्याच्यापुढे तो अंदाज असल्याची टीप जोडते. नावे आणि क्रमांक गाळण्याचा ‘फिल्टर’ पर्याय दिला तर गाळलेल्या प्रत्येक जागी तसे लिहून ठेवते. एलएसएचडब्ल्यूचा ‘सॅनिटाइझ’ हा पर्यायदेखील अनुक्रमांक झाकतो आणि झाकल्याचे लिहितो, त्यामुळे त्या बाबतीत दोघींत उजवे-डावे करण्यासारखे नाही. मदत मागण्यासाठी आपला अहवाल कोणाला पाठवायचा असेल तर दोन्हींपैकी कोणताही एक पर्याय वापरावा, एवढेच सांगेन.

डीएमआयडीकोडचा स्वभाव या दोघींपेक्षा वेगळा आहे. अधिकार नसतील तर ते परवानगी नाकारल्याचे सांगते आणि काहीच छापत नाही. अर्धे उत्तर देण्यापेक्षा हे चांगले. वाचनालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक लिहावा लागतो, आणि त्यासाठी डॅश एस लावून केवळ ‘सिस्टिम सिरियल नंबर’ मागावा, एका ओळीत उत्तर मिळते, यापेक्षा सोयीचे काही मला सापडलेले नाही. रॅमसाठी प्रकार क्रमांक १७ मागितला तर प्रत्येक स्लॉटची स्वतंत्र नोंद येते, रिकाम्या स्लॉटचीसुद्धा. मात्र त्याच्या माहितीपुस्तिकेतच असे म्हटलेले आहे की डीएमआय तक्त्यातील माहिती बहुतेकदा सदोष, अपुरी किंवा सरळ चुकीची असते. जुळवलेल्या संगणकांत त्याचा लगेच प्रत्यय येतो. निर्मात्याने भरावयाच्या जागा तशाच सोडलेल्या असतात आणि अनुक्रमांकाच्या ठिकाणी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असे वाक्य मिळते. रजिस्टरमध्ये ते लिहून उपयोग नसतो. लॅपटॉपची रॅम घेताना १.५ व्होल्टची की १.३५ व्होल्टची हा प्रश्न असतो, आणि व्होल्टेजच्या रकान्यात अनेकदा ‘अननोन’ एवढेच दिसते. तिथे कोणतेच साधन कामाला येत नाही. पट्टी काढून तिच्या लेबलावर पीसी३ पुढे एल हे अक्षर आहे का, हेच पाहावे लागते.

इन्क्सीच्या बाजूने बोलताना तिच्या उणिवा झाकणे योग्य होणार नाही. उबंटूवर ती आधीपासून नसते, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या ठिकाणी ती हाताशी असेलच असे नाही. लॅमिंग्टन रोडवर जुना संगणक पारखायला जाताना मी उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे काही न बसवता ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा, नेतो, आणि तिथे आजही एलएसएचडब्ल्यूच वापरतो. कारण ती त्यात असते, आणि लाइव्ह सत्रात सुडोला पासवर्ड लागत नसल्यामुळे अपुऱ्या अधिकारांचा प्रश्न उद्भवत नाही. इन्क्सीचे एकाक्षरी पर्याय लक्षात ठेवणे मला अवघड गेले, विशेषतः कॅपिटल एम म्हणजे यंत्र आणि लहान एम म्हणजे मेमरी, हा फरक. म्हणून मी पूर्ण शब्दांचे पर्याय वापरतो, म्हणजे फुल, मेमरी, फिल्टर. आवृत्तीगणिक तिच्या मांडणीत बदल होत आले आहेत, तेव्हा ज्याला स्क्रिप्ट लिहून शंभर यंत्रांची माहिती काढायची आहे त्याने एलएसएचडब्ल्यूचा जेसन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा मांडणीतला, निकाल किंवा डीएमआयडीकोडचे एकओळी उत्तर घ्यावे, असे मला वाटते. माझे काम सहा यंत्रांचे आहे आणि अहवाल माणसाने वाचायचा असतो, हे ध्यानात घेऊनच माझे मत तोलावे.

ओपनसूझेच्या परंपरेतील एचडब्ल्यूइन्फो मी थोडे वापरले आहे. ते फार खोलात जाते, पण एका रॅमच्या पट्टीसाठी तेवढे वाचणे मला जड गेले. फक्त प्रोसेसर पाहायचा असेल तर एलएससीपीयू, आणि फक्त वायफाय कार्डाचा ड्रायव्हर पाहायचा असेल तर एलएसपीसीआयला डॅश के जोडणे पुरेसे आहे. त्यासाठी वरीलपैकी कशाचीच गरज नाही.

तेव्हा माहिती काढणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच असेल, आणि प्रत्येक वेळी सुडो लावण्याची शिस्त असेल, तर एलएसएचडब्ल्यूवर राहण्यात काही चूक नाही. माहिती एकाने काढायची आणि खरेदी दुसऱ्याने करायची, अशी रचना असेल तर मात्र मी नम्रपणे इन्क्सी सुचवेन. लिनक्स मिंटवर ती आधीच असते. उबंटूवर नेट चालू असतानाच बसवून घ्यावी आणि सोबत डीएमआयडीकोड आहे याची खात्री करावी. आमच्या सहाही संगणकांवर आता ती बसवलेली आहे. अहवालाची फाईल हाती आली की मी सर्वांत आधी तिच्यात ‘सुपरयूजर’ हा शब्द शोधतो, आणि तो सापडला तर ती फाईल बाजूला ठेवून स्वतः अभ्यासिकेत जातो.