चॅटबॉटकडून उत्तर मागावं की प्रश्न?

धडा चॅटबॉटला देऊन सारांश मागता येतो, किंवा तोच धडा देऊन "यावर मला प्रश्न विचार" असंही म्हणता येतं. सारांश झटकन मिळतो आणि वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. नव्या विषयाची तोंडओळख करून घ्यायला तो चांगलाच.

परीक्षेच्या तयारीसाठी मात्र मी ठामपणे दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांच्याच जास्त लक्षात राहिलं होतं.

सूचना नेमकी द्या: एका वेळी एकच प्रश्न विचार, माझ्या उत्तरासाठी थांब, चुकलं तर आधी फक्त हिंट दे. ही शेवटची अट विसरू नका, नाहीतर तो लगेच पूर्ण उत्तर सांगून मोकळा होतो.

चुका दोन्हीकडे होतात. सारांशातून एखादा महत्त्वाचा अपवाद गळतो. प्रश्नोत्तरांत तुमचं चुकीचं उत्तरही कधी बरोबर ठरवलं जातं. सनावळ्या आणि सूत्रं पाठ्यपुस्तकात पडताळूनच वहीत उतरवा.