थुलुसधूचे दोन हंगाम: सर्फिंग आणि डायव्हिंगची एकत्र सहल कधी करावी

मालदीवमधील उत्तर माले कंकणद्वीपाच्या, म्हणजे उथळ पाण्याभोवती वलयासारख्या पसरलेल्या प्रवाळ बेटांच्या, पूर्व कडेवर थुलुसधू हे छोटे वस्तीचे बेट आहे. राजधानी मालेहून वेगवान बोटीने तेथे पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. या बेटावरच्या एकाच घरगुती अतिथिगृहात मी दोनदा राहिलो, पहिल्यांदा 2023 च्या फेब्रुवारीत आणि दुसऱ्यांदा 2024 च्या सप्टेंबरअखेरीस, दोन्ही वेळा नऊ-नऊ दिवस. खोली, सकाळ-संध्याकाळचे जेवण, लाटांपर्यंत नेणारी बोट, सर्फिंगचा मार्गदर्शक आणि शेजारचे डायव्हिंग केंद्र असे सारे दोन्ही खेपांना तेच होते, फरक होता तो केवळ महिन्याचा. तरीही या दोन सहली दोन वेगळ्या देशांत झाल्या असाव्यात इतक्या निराळ्या ठरल्या. म्हणून हे परीक्षण सेवेचे असले तरी त्यातला मोठा भाग हंगामाविषयी आहे, कारण तेथे सेवा चांगली की वाईट हे ठरण्याआधी समुद्र कोणत्या दिशेने वाहतो आहे हे ठरलेले असते.

पहिली सहल मी एका प्रवासी दलालामार्फत ठरवली होती. ‘बारा महिने लाटा आणि बारा महिने डायव्हिंग’ असे त्याने निःसंकोच सांगितले होते आणि मीही ते पडताळून न पाहता मान्य केले, कारण समुद्राविषयीचा आपला समज कोकणात घडलेला असतो. पावसाळ्यात दर्या बंद, नारळी पौर्णिमेला त्याला नारळ वाहिला की होड्या पुन्हा पाण्यात, आणि हिवाळ्यात समुद्र सर्वांत शांत व सुरक्षित, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तारकर्ली-मालवणला डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांना तो अगदी योग्य आहे आणि मीही तेथेच शिकलो. मालदीवमध्ये मात्र याच समजामुळे माझी निम्मी सहल वाया गेली. फेब्रुवारीत आकाश निरभ्र होते, पाणी निवळशंख होते, आणि सर्फिंगसाठी नऊ दिवसांत जेमतेम दोन सकाळी कमरेएवढ्या लाटा मिळाल्या, त्याही समोरून येणाऱ्या वाऱ्याने विस्कटलेल्या.

याचे कारण समजून घेतले तर पुढचा निर्णय बराच सोपा होतो. मालदीवमध्ये सर्फिंगच्या लाटा स्थानिक वाऱ्यामुळे उठत नाहीत. त्या हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या महासागरात, तिकडच्या हिवाळ्यातील वादळांमुळे निर्माण होतात आणि कित्येक दिवसांचा प्रवास करून विषुववृत्तापर्यंत येतात. दक्षिण गोलार्धातला हिवाळा म्हणजे आपला जून ते ऑगस्ट. त्यामुळे मार्च-एप्रिलपासून लाटांची आवक वाढू लागते, जून-जुलैत ती भरात असते आणि ऑक्टोबरनंतर उतरणीला लागते. वाऱ्याची साथही याच काळात मिळते. नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून येत असल्याने पूर्व कडेच्या प्रवाळ खडकांवर तो आतल्या उथळ पाण्याकडून बाहेरच्या समुद्राकडे वाहतो. कोकणातले मच्छीमार जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात. थुलुसधूच्या लाटांना पावसाळाभर असा मतलई दिशेचा वारा मिळतो आणि तो लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा सुटतो तेव्हा तोच वारा समोरून लाटेवर आदळतो. दूरच्या वादळांचा जोर ओसरलेला आणि वाराही उलटा, अशा दुहेरी प्रतिकूलतेत मी फेब्रुवारी निवडला होता.

डायव्हिंगचे गणित याच वाऱ्यांवर चालते, पण त्याचा निकाल वेगळा लागतो. ईशान्य मोसमात समुद्राचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. बाहेरच्या खोल महासागरातले स्वच्छ पाणी पूर्व कडेच्या खिंडींतून, ज्यांना मालदीवच्या धिवेही भाषेत ‘कांडू’ म्हणतात, आत शिरते. या काळात पाण्याखाली पंचवीस-तीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसते, आणि आत येणाऱ्या प्रवाहासमोर खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क आणि ठिपकेदार ईगल रे तरंगत राहतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खिंडीच्या काठावर खडकाला आकडा अडकवून मी वीस मिनिटे एकाच जागी थांबलो होतो आणि समोरून अकरा शार्क गेले. लाटांनी निराशा केली असली तरी त्या वीस मिनिटांसाठी मी पुन्हा फेब्रुवारीत जाईन. नैर्ऋत्य मोसमात प्रवाह उलटतो. कंकणद्वीपाच्या आतले, प्लवकांनी म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी भरलेले पाणी पूर्व कडेने बाहेर पडू लागते आणि दृश्यता पंधरा-वीस मीटरवर येते. जाहिरातींतला निळा रंग तेव्हा दिसत नाही. पण ज्या प्लवकांमुळे पाणी धूसर होते त्यांवरच मांटा रे जगतात. आपल्याकडच्या पाकटाच्या कुळातला हा प्रचंड मासा मे ते नोव्हेंबर या काळात पूर्व कडेला येतो आणि लांकन येथील खडकावर लहान माशांकडून अंग साफ करून घेताना दिसतो.

म्हणजे थुलुसधूसारख्या पूर्व कडेच्या बेटावर लाटा आणि मांटा एकाच हंगामात येतात, निवळ पाणी आणि शार्क दुसऱ्या हंगामात. दोन्ही खेळ एकाच सहलीत करायचे असतील तर ज्याला आपण पावसाळा म्हणून टाळतो तोच काळ येथे अधिक काही देतो, असे माझे मत दुसऱ्या सहलीनंतर पक्के झाले. सप्टेंबरअखेरच्या नऊ दिवसांत सहा दिवस चांगल्या लाटा मिळाल्या, त्यांतले दोन दिवस तर माझ्या कुवतीच्या वरचे होते. पाऊस रोज थोडा पडला, पण सलग दिवसभर असा एकदाच. मालेत वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कोकणात त्याहून पुष्कळ अधिक पाऊस चारच महिन्यांत कोसळतो, हे लक्षात ठेवले तर तिथल्या पावसाची भीती उरत नाही. पाण्याचे तापमान बारा महिने सत्तावीस ते तीस अंशांच्या दरम्यान असल्याने थंडीचा प्रश्नही येत नाही. दृश्यता सोळा-सतरा मीटर होती. तारकर्लीला सात-आठ मीटर दिसले तरी समाधान मानणाऱ्या माणसाला ती कमी वाटली नाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मालदीवचे कोळी आणि नावाडी हवामानाचा हिशेब ‘नकई’ नावाच्या पंचांगावर ठेवत आले आहेत. त्यात वर्षाचे सत्तावीस भाग असतात, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. आमच्या बोटीच्या तांडेलाने त्यांची नावे सांगायला सुरुवात केली तेव्हा मी थक्क झालो. अस्सिधा म्हणजे अश्विनी, रोआनू म्हणजे रोहिणी, मियाहेलिया म्हणजे मृग, अधा म्हणजे आर्द्रा, अथा म्हणजे हस्त. ही आपलीच नक्षत्रे आहेत. त्यांचा मियाहेलिया 3 जूनच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपल्या मृगाच्या चार-पाच दिवस आधी, आणि ईशान्य मोसमाची सुरुवात 10 डिसेंबरच्या सुमारास मूला नक्षत्राने होते. मृगाला पेरणी आणि हस्ताला हत्तीचा पाऊस असे म्हणणाऱ्या घरात मी वाढलो आहे. त्यामुळे ‘मूला लागले की इकडच्या लाटा संपल्या’ हे त्या तांडेलाचे एक वाक्य मला दलालाच्या रंगीत पत्रकापेक्षा अधिक समजले.

आता सेवेकडे वळतो. अतिथिगृहाची खोली साधी आणि स्वच्छ होती. न्याहारीला मिळणारी मासहुनी, म्हणजे ट्यूना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची यांचे कोरडे मिश्रण, रोशी नावाच्या पोळीबरोबर खाताना घरची आठवण यावी इतकी जवळची वाटली. रात्रीचे जेवण मात्र चौथ्या दिवसापासून तेच ते होऊ लागते, आणि शाकाहारी मंडळींनी आधी स्पष्ट बोलून ठेवणे आवश्यक आहे. वस्तीच्या बेटांवर मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरावीक किनाऱ्यापुरतेच चालतात.

सर्फिंगचा मार्गदर्शक या सेवेतली सर्वांत मोलाची बाब आहे. बेटासमोरची मुख्य लाट ‘कोक्स’ या नावाने ओळखली जाते, कारण बेटावर कोका-कोलाचा कारखाना आहे, ज्यात समुद्राचे पाणी गोडे करून पेय बनवतात. ही उजवीकडे फुटणारी लाट जोरकस आहे आणि खाली उथळ प्रवाळ खडक आहे. खिंडीच्या पलीकडची ‘चिकन्स’ ही डावीकडे फुटणारी लाट लांब आणि तुलनेने क्षमाशील आहे, तेथे पूर्वी कोंबड्यांचे पालनकेंद्र होते असे सांगतात. आमच्या मार्गदर्शकाने पहिल्या दिवशी माझे पोहणे आणि बोर्डावर उठणे पाहिले आणि मला कोक्सवर नेण्यास विनयाने पण ठाम नकार दिला. पाचव्या दिवशी, लाट लहान असताना आणि भरतीचे पाणी पुरेसे असताना, त्यानेच मला तेथे नेले. भाड्याचे बोर्ड बरे होते, परंतु खडकावर घालायचे बूट आणि अंगात घालायचा लांब बाह्यांचा सदरा स्वतःचा न्यावा. ज्यांना अजून बोर्डावर उभे राहताच येत नाही त्यांनी या बेटावर शिकायला जाऊ नये असे मी आवर्जून सांगेन. त्यांच्यासाठी श्रीलंकेतील वेलिगामाचा वाळूचा तळ नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कितीतरी सुरक्षित आहे.

डायव्हिंग केंद्राची उपकरणे नीट राखलेली होती आणि पाण्यात उतरण्यापूर्वीचे मार्गदर्शन सविस्तर असे. मालदीवमध्ये मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला तीस मीटरची कायदेशीर मर्यादा आहे आणि ती येथे कसोशीने पाळली गेली. माझी तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. फेब्रुवारीत खिंडीतल्या प्रवाहात उतरताना आमच्या गटात नुकताच प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेले दोघे होते. त्यांची हवा आमच्या निम्म्या वेळात संपली आणि त्यांच्याबरोबर सर्वांनाच वर यावे लागले. असे गट अनुभवानुसार वेगळे करायला हवेत. खिंडीत उतरण्याची इच्छा असेल तर आधीच्या टप्प्यावर न थांबता ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रम पूर्ण करूनच जावे. आणखी एक दुःखाची गोष्ट येथे नोंदवतो. 2024 च्या उन्हाळ्यात समुद्र तापल्यामुळे प्रवाळ पांढरे पडले होते, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये मी ज्या शाखाळ प्रवाळांचे फोटो काढले होते त्यांतले काही सप्टेंबरमध्ये करड्या शेवाळाने झाकलेले दिसले. मासे होते, मांटा होते, पण तो उथळ भाग पाहून मन उदास झाले. एप्रिल-मे हा तेथील पाणी सर्वांत तापण्याचा काळ असतो.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांची अडचण सुट्ट्यांची असते, म्हणून तेवढ्यापुरते सांगतो. नाताळाच्या सुट्टीत डायव्हिंग उत्तम, लाटा जवळजवळ नाहीत आणि दर वर्षातले सर्वांत चढे. मेच्या सुट्टीत लाटा असतात, पण वारा फिरण्याचा तोच काळ असल्याने काही दिवस वादळी जाण्याची तयारी ठेवावी लागते. दिवाळी ऑक्टोबरमध्ये लवकर आली तर लाटांचे शेवटचे चांगले दिवस आणि मांटा दोन्ही मिळू शकतात, नोव्हेंबरात गेली तर लाटांवर भरवसा ठेवू नये. सुट्टीचे बंधन नसेल तर मध्यम कौशल्याच्या माणसाने सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध निवडावा, जून-जुलै पट्टीच्या सर्फरसाठी सोडावा. ज्याचा जीव मुख्यतः डायव्हिंगमध्ये आहे त्याने जानेवारी ते मार्च जावे आणि बोर्डाचे पैसे वाचवावेत. केवळ मांटांसाठी जाणाऱ्याने बा नावाच्या कंकणद्वीपातल्या हनिफारू उपसागराचा विचार करावा. तेथे जून ते नोव्हेंबर या काळात ते मोठ्या संख्येने जमतात, मात्र त्या जागी हवेची टाकी लावून उतरण्यास बंदी आहे, केवळ स्नॉर्केलिंग करता येते.

दिवसांचा क्रमही आधी ठरवावा. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जाण्यासाठी, अनेक दिवस डायव्हिंग केले असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून डायव्हिंग सुरुवातीच्या दिवसांत आणि सर्फिंग शेवटी ठेवणे सोयीचे ठरते. दुसऱ्या खेपेला मी पहिले चार दिवस सकाळी डायव्हिंग केले, दुपारी कान आणि नाक कोरडे होऊ दिले, पाचव्या दिवसापासून फक्त बोर्ड घेतला, आणि परतीच्या दिवशी सकाळी चिकन्सवर दोन तास घालवून दुपारच्या बोटीने विमानतळ गाठला.