प्रॉक्समॉक्स 9 मधले एचए नियम: पाच महिने वापरल्यानंतर

मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास माझ्या प्रॉक्समॉक्स क्लस्टरमधला, म्हणजे आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या सर्व्हरच्या जोडलेल्या गटातला, तिसरा नोड (सर्व्हर) अचानक बंद पडला. एचए (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे नोड पडला की त्याच्यावरच्या व्हीएम दुसऱ्या नोडवर आपोआप सुरू करणारी सोय) लावलेलंच त्यासाठी होतं, त्यामुळे काळजी वाटली नाही. दोन-अडीच मिनिटांत त्या नोडवरच्या बाकी व्हीएम दुसरीकडे उभ्या राहिल्या. एकच राहिली, आणि नेमकी तीच: सगळे दिवसभर जिच्यावर काम करतात ती ॲपची व्हीएम. तिच्यापुढे 'रिकव्हरी' असं लिहिलेलं होतं आणि ते काही केल्या हलत नव्हतं. उरलेल्या दोन्ही नोडवर ॲप उठण्यापुरती रॅम मोकळी होती, डिस्क सामायिक स्टोरेजवर होती, कोरम (निर्णय घ्यायला लागणारं नोडचं बहुमत) शाबूत होता.

तीन नोडचा साधा क्लस्टर आहे, प्रत्येकी 128 जीबी. ऑगस्ट 2025 मध्ये प्रॉक्समॉक्सची 9.0 आवृत्ती आली आणि जुन्या एचए ग्रुपच्या जागी नियम आले. सगळे नोड 9 वर गेल्यावर माझे ग्रुप आपोआप नोड अफिनिटीचे (व्हीएम कोणत्या नोडवर चालावी हे सांगणारे) नियम झाले, काही मोडलं नाही. खरा आनंद झाला तो रिसोर्स अफिनिटीचा. या व्हीएम एकत्र ठेव, त्या वेगळ्या ठेव, हे आता सरळ सांगता येतं. देखरेखीची व्हीएम आणि तिचा डेटाबेस मी 'एकत्र'मध्ये टाकले. एक हलवली की दुसरी तिच्यामागून जाते. पहिले चार महिने मी भेटेल त्याला हे कौतुकानं सांगत होतो.

आता चुकलेला नियम. डेटाबेसची मुख्य व्हीएम, तिची प्रतिकृती आणि ॲप या तिन्ही जड आहेत. एका नोडवर दोन आल्या की मेमरी ताणली जाते, म्हणून मी तिघींचा मिळून एकच 'वेगळ्या ठेव' नियम केला. तीन नोड, तीन व्हीएम, हिशेब बरोबर. प्रॉक्समॉक्सनेही तो नियम स्वीकारला, कारण नोडपेक्षा जास्त सदस्य असतील तरच असा नियम अशक्य ठरतो. पण एक नोड गेला की उरतात दोन, आणि वेगळं राहायचं असतं तिघींना. हा नियम काटेकोरपणे पाळला जातो. जागा नसेल तर व्हीएम रिकव्हरीत थांबते आणि नियमात बसणारा नोड मिळण्याची वाट बघते. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे. मी वाचलंही होतं, पण एक नोड कमी धरून हिशेब केला नव्हता.

याहून वाईट पुढे झालं. तिसरा नोड खराब रॅममुळे पडला होता. वॉचडॉगने, म्हणजे नोड अडकला की त्याला आपोआप रीस्टार्ट करणाऱ्या यंत्रणेने, त्याला रीसेट केलं, तो परत वर आला, आणि ॲपला नियमात बसणारा तो एकमेव नोड असल्यामुळे ॲप तिथेच सुरू झालं. वीस मिनिटांत नोड पुन्हा गेला. म्हणजे दोन चांगल्या नोडवर जागा असताना माझ्याच नियमानं ॲपला आजारी नोडशी बांधून ठेवलं होतं. शेवटी मी नियमापुढची टिक काढली, आणि काही सेकंदांत ॲप पहिल्या नोडवर सुरू झालं. नियम न पुसता नुसता बंद ठेवता येतो, ही सोय त्या रात्री मला लाखमोलाची वाटली. तिसरा नोड परत दिसताच त्याला मेंटेनन्स मोडमध्ये टाकला, म्हणजे त्याच्यावर काही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात ठरवलं होतं की 'वेगळ्या ठेव' नियम वापरायचाच नाही. नोड अफिनिटीत 'स्ट्रिक्ट'ची (ठरवलेल्या नोडशिवाय कुठेच चालवू नको, अशी) टिक ऐच्छिक आहे, मग इथे मऊ पर्याय का नाही, हाच प्रश्न डोक्यात होता. आठवडाभर विचार केल्यावर मत बदललं आहे. डेटाबेसच्या जोडीसाठी काटेकोरपणाच हवा. दोन्ही प्रती एका नोडवर आल्या तर प्रतिकृती ठेवून उपयोग काय? आणि तीन नोडच्या क्लस्टरमध्ये कोरम टिकवून एकच नोड जाऊ शकतो, त्यामुळे दोघींना दोन नोड नेहमीच मिळतात. चूक होती ती भार वाटण्यासाठी हा नियम वापरण्यात. ॲप ही कोणाची प्रत नाही. मेमरी ताणली तर ते हळू चालेल, पण चालेल.

चौथा नोड घ्या, असा सल्ला दोघांनी दिला. घेणार नाही. एक नियम नीट लिहिला की जे सुटतं त्यासाठी आणखी एक यंत्र, त्याची वीज आणि त्याची देखभाल मी पोसणार नाही. आता जोडीसाठी 'वेगळ्या ठेव', आणि ॲपसाठी स्वतंत्र नोड अफिनिटी: तिसऱ्या नोडला जास्त प्राधान्य, बाकी दोघांना कमी, स्ट्रिक्ट बंद. जमेल तेव्हा लांब राहील, नाही जमलं तर कुठेही उठेल. मला हवा होता तो मऊ नियम हाच. तरी नियम जतन करताना 'एक नोड गेल्यास ही व्हीएम अडकेल' एवढी सूचना पडद्यावर यावी, ही माझी मागणी कायम आहे.

फेलबॅकबद्दलही (पसंतीच्या नोडवर आपोआप परत जाण्याबद्दल) मत फिरलं. तो आता ग्रुपऐवजी प्रत्येक व्हीएमवर ठरतो आणि मुळात चालू असतो. पसंतीचा नोड परत आला की व्हीएम लगेच तिकडे जाते, मग तो नोड धड असो वा नसो. आधी मला ही सोय वाटायची. ॲपसाठी मी तो बंद केला आहे.

रॅम विकणाऱ्याने आधी 'काढून परत बसवा आणि बघा' असं सांगून तीन दिवस घालवले, मग बदलून दिली. त्यानंतर रविवारी एकेक करून तिन्ही नोडची वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळी सगळं तीन मिनिटांच्या आत उठलं. ॲप सध्या पहिल्या नोडवर आहे. तिसऱ्यावर महिनाभर काही कुरबुर झाली नाही, तर मी स्वतः ते तिकडे हलवीन.